सुनेला एलची पाटी

१

प्रमोदिनीबाई जहागीरदार जास्वंदीची फुलं काढायला फाटकाबाहेर आल्या आणि हातात परडी धरून तशाच उभ्या राहिल्या. गाडी जागेवर नव्हती.

उस्मानपुऱ्यातल्या त्या गल्लीत सकाळी काय असेल याची खात्री कुणी देत नसे. नळाचं पाणी तर मुळीच नाही. पण बाईंच्या दारातली पांढरी मारुती मात्र हटकून असायची. तिच्या टपावर पाटी होती : 'प्रमोदिनी मोटर ड्रायव्हिंग स्कूल, फक्त महिलांसाठी'. नवरा गेल्यावर बाईंनी ही शाळा काढली, तेव्हा स्टिअरिंगवर बाई दिसली की लोक फुटपाथवर चढून उभे राहत. आता त्याच लोकांच्या सुना बाईंकडे शिकत होत्या.

गाडीच्या जागी धुळीत फक्त चाकांच्या खुणा. फाटकाला मात्र कारभारीची सायकल टेकवलेली होती. कारभारी म्हणजे शाळेतला शिकवणारा. बाईंच्या हाताखाली त्याचे केस पिकले होते.

"कारभारी!" बाईंनी हाक मारली.

आत फोन वाजला.

"डायविंग स्कूल का?" पलीकडून एक बाई फाडफाड बोलत होती. "पाटीवर लंबर हाय म्हनून फोन लावला. म्या कांचनवाडीची नर्सरीवाली चतुराबाई. तुमची मोटार माझ्या कुंड्यांत येऊन बसलीया. या आन् उचला!"

बाई चप्पल घालून बाहेर येतात तोच गल्लीत एक रिक्षा वळली आणि तीतून कारभारी उतरला. तोंड उतरलेलं, शर्ट घामानं चिकटलेला.

"सायकल पंक्चर झाली, बाई, म्हून रिक्षा केली. गाडी कुटंय?"

बाईंनी एकदा सायकलीकडे पाहिलं, एकदा कारभारीकडे, आणि त्याच रिक्षात बसल्या. "चल. कांचनवाडी."

पैठण रोडच्या कडेला चतुराबाईंची नर्सरी. कुंपणाचे बांबू आडवे, शेवंतीच्या कुंड्यांचा चुरा, आणि त्यात नाक खुपसून बसलेली मारुती. आत कुणी नव्हतं. किल्ली मात्र लावलेलीच होती.

"कोण चालवत होतं, पाहिलंत का?" बाईंनी विचारलं.

"पाहिलं की!" चतुराबाईंनी कमरेवर हात ठेवले. "तुमच्या मोटारीत शिकती ती फॉरेनची बाई. उंच, डोक्याला फडकं. मोटार ठोकली आन् पळाली!"

२

फॉरेनची बाई म्हणजे वंजिरू. केनियातल्या नाकुरूची. लासूर स्टेशनजवळचा रामकिसन बोअरवेलच्या मशीनवर काम करायला तिकडं गेला होता, तो येताना ही सहा फूट उंचीची, डोक्याला फडकं बांधणारी, मोठ्यानं हसणारी बायको घेऊन आला. सासूला, द्वारकाबाईंना, 'वंजिरू' म्हणायला जमेना. त्यांनी तिचं नाव वनजा ठेवलं आणि भाकरी थापायला शिकवली. सुनेनं त्या बदल्यात सासूला शिट्टी वाजवायला शिकवलं.

तिकडं वनजा मटाटू चालवायची. मटाटू म्हणजे आपल्याकडच्या काळीपिवळीची आफ्रिकेतली थोरली बहीण. प्रवाशांनी खचाखच भरलेली ती गाडी घाटातून लीलया काढणाऱ्या या बाईच्या मागं इथं मात्र लाल 'एल' लागला होता. तिनं बरोबर आणलेला आंतरराष्ट्रीय परवाना आल्यापासून वर्षभरच चालला.

बाईंकडे नाव घातलं त्या दिवशी तिनं विचारलं होतं, "म्याडम, चितेगावच्या कंपनीतला इटलीवाला सायेब एवढी मोठी गाडी चालवतो. त्याला एल का नाय?"

"तो दर नाताळाला घरी जातो आणि येताना नवा परवाना घेऊन येतो. नवा परवाना, नवं वर्ष."

"आन् मी गेले नाय. कारन माझं घर हितंच हाय." ती हसली होती, पण डोळे हसले नव्हते. "मंजी पावन्याला रस्ता मोकळा, आन् घरच्या सुनेला एलची पाटी!"

ते वाक्य तेव्हापासून त्यांच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं होतं.

उद्या वनजाची परीक्षा होती. रामकिसनचा पाय प्लास्टरात, शेतात कांदा काढून पडलेला आणि दारात पिकअप उभी. ती चालवायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

"म्या ठाण्यात जानार," चतुराबाई म्हणाल्या. "बिगर लायसनची बाई एकटी मोटार घेऊन फिरती मंजी काय!"

तक्रार झाली तर परीक्षा तर जाईलच, पण व्हिसाच्या वेळीही ती आडवी येईल.

"चतुराबाई, तुमच्या कुंड्या मी भरून देते. पण तुम्ही तोंड पाहिलंत का तिचं?"

"तोंड कुटलं? पाट दिसली. त्या फडक्यानं समदं झाकलेलं. पन उंची तीच, आन् ठोकल्यावर काय तरी फॉरेनच्या बोलीत वरडली."

"मग मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या. माणूस मी शोधून देते. नाही सापडलं, तर ठाण्यात मीच तुमच्याबरोबर येईन."

चतुराबाईंनी जरा विचार केला. "बरं. पन दिवस मावळंस्तवर."

बाई गाडीकडे वळल्या. रस्तारुंदीचं काम चालू असल्यानं पैठण रोडवर धुळीचे लोट असत आणि समोरची काच धुळीनं माखली होती. पण त्या धुळीत दोन स्वच्छ कमानी उमटल्या होत्या. वायपर काचेच्या मधोमध उभे राहिले होते.

फेब्रुवारी संपत आलेला. आभाळात ढगाचं नाव नाही.

त्यांनी दार उघडलं. सीट पार मागं सरकवलेली. आणि खिडकीची काच वरखाली करायचं हँडल तुटून खाली ब्रेकपाशी पडलं होतं.

"काल संध्याकाळी हे धड होतं ना रे?"

"व्हय," कारभारी पुटपुटला. त्यानं बाईंच्या नजरेला नजर दिली नाही.

३

परीक्षेसाठी वनजा आणि द्वारकाबाई पदमपुऱ्यात एका नातलगाकडे उतरल्या होत्या. बाईंनी सगळं सांगितलं, तशा द्वारकाबाई तव्यासारख्या तापल्या.

"माझी सून सकाळपासून माझ्यापाशीच व्हती! एक पाऊल भाईर टाकलं नाय."

"मामी," वनजा हळूच म्हणाली, "खोटं नका बोलू."

"तू गप बस!"

"नाय, म्याडम. मी भाईर गेले व्हते. उजाडायच्या आधीच. एकटी."

"कुठं?"

वनजा लाजली. एवढी धिप्पाड बाई लाजली की बघत राहावंसं वाटे. "परीक्षेच्या ग्राउंडावर. तिथं आठचा आकडा आखलाय ना, त्याच्यावरून पायी चालून आले. पुन्ना पुन्ना. तोंडानं गेर टाकत."

"कुणी पाहिलं?"

"एक कुत्रं व्हतं."

द्वारकाबाईंनी कपाळावर हात मारला. बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. साक्षीदार कुत्रं, आणि उंची, फडकं सगळं जुळणारं.

"किल्ली काल कुणाकडे दिलीस?"

"कारभारी दादाकडं."

"मटाटूत इंडिकेटरचा दांडा कोणत्या बाजूला असायचा गं?"

वनजाचा उजवा हात आपोआप उठला आणि हवेतला दांडा खाली दाबून थांबला. "हितं. आपल्या मारुतीसारखाच. आमच्याकडं समद्या जपानच्या गाड्या."

तेवढ्यात आतल्या खोलीत कुकरनं अशी काही शिट्टी मारली की वनजा जागच्या जागी उडाली.

"आगं माय!"

"दचकल्यावर तू नेहमी हेच म्हणतेस?"

"काय सांगू बाई," द्वारकाबाई अभिमानानं म्हणाल्या, "आली तवा येगळंच कायतरी म्हनायची. आता झोपंत सुदिक माझीच बोली बोलती."

बाईंच्या मनावरचं ओझं अर्धं उतरलं. ठोकर बसल्यावर फॉरेनच्या बोलीत ओरडणारं माणूस ही नव्हे. पण हे चतुराबाईंना सांगून पटणार होतं थोडंच! कुकरची साक्ष कोण मानणार?

बाई रिक्षात बसल्या आणि मोबाईल वाजला. चतुराबाईच होत्या.

"बाई, आठवलं मला! ती काय वरडली ते. मदूनच एक नाव घेतलं बघा. 'मधो...' का 'मधू ना...' आसं कायतरी. कोन हाय हो हा मधू?"

बाईंनी रिक्षावाल्याला थांबायची खूण केली.

मधू, म्हणजे मधुसूदन. त्यांच्या सख्ख्या भावाचा मुलगा. त्यांच्याच घरात, वरच्या मजल्यावर राहणारा.

४

मधुसूदन चितेगावच्या त्याच कंपनीत होता, इटलीच्या साहेबाच्या हाताखाली. साहेबाचं नाव लोरेंझो. त्याची ती जर्मन बनावटीची, आपोआप गिअर बदलणारी गाडी हल्ली रात्री बाईंच्याच गल्लीत उभी असे, कारण महिन्याभरापासून ती मधूच चालवत होता.

बाईंनी त्याला फोन केला. "सकाळी कुठं होतास?"

"झोपलो होतो, आत्या. उठलो आणि साहेबाला आणायला गेलो. का?"

गाडीची किल्ली फाटकाच्या आतल्या खिळ्यावर असते हे त्याला ठाऊक. मधूही उंच. साहेबाची गाडी चालवून चालवून त्याच्या हाताला तिचीच सवय. बाईंना एकेक दुवा जुळताना दिसत होता. उद्या भावाला काय तोंड दाखवायचं?

"साहेब स्वतः का चालवत नाही रे हल्ली?"

"डोळे दुखतात म्हणतो. पण आज काय झालं कोण जाणे! रोज हॉर्न वाजवून माझा अंगठा दुखतो, आज मी पोचायच्या आधीच हा खाली उभा. बूट बघशील तर धुळीनं पांढरे."

बाई म्हणाल्या, "कामावरून सुटलास की साहेबाला घेऊन कांचनवाडीच्या नर्सरीत ये. झाडं बघायला म्हण, काहीही म्हण. पण आण."

संध्याकाळी नर्सरीत सगळे जमले. चतुराबाई पाटावर न्यायाधीशासारख्या बसलेल्या. द्वारकाबाई सुनेचा हात धरून. कारभारी पेरूच्या झाडाआड. मधूबरोबर लोरेंझो साहेब आला. ताडमाड, गोरापान, गळ्यात धुळीसाठी डोक्यातोंडाला गुंडाळायचा पंचा. समोरचे मोडलेले बांबू पाहून तो दारातच थबकला.

मारुती आता रस्त्याच्या कडेला काढून ठेवली होती.

"मी कुणाला काही विचारणार नाही," बाई म्हणाल्या. "फक्त एकेकानं स्टिअरिंगवर बसायचं आणि मी सांगेन ते करायचं. वनजा, तू आधी. किल्ली फिरव, इंजीन सुरू करू नकोस. आता डावीकडे वळायचंय."

वनजानं उजव्या हातानं दांडा वर ढकलला. डावा दिवा टिकटिक करू लागला.

"उतर. मधू, आता तू."

मधू हसत बसला. "डावीकडे? हे घे." त्यानं डाव्या हातानं झटक्यात दांडा ओढला.

समोरच्या काचेवर वायपर फर्रकन फिरले.

चतुराबाई पाटावरून उठल्या. "ह्योच मधू का? ह्याचंच नाव घेतलं व्हतं!"

मधूचं हसू विरलं. त्यानं काचेवरच्या कमानींकडे पाहिलं आणि मग आत्याकडे. "आत्या... तुला काय वाटतंय?"

५

"मला काय वाटतंय ते नंतर," बाई म्हणाल्या. "आता पहिला गिअर टाक."

मधूचा डावा हात सरळ दोन सीटच्या मधल्या गिअरवर गेला.

बाईंनी एवढा मोठा सुस्कारा सोडला की शेजारची जाई हलली असेल. "उतर बाळा. तू नव्हेस."

"आन् वायपर?" चतुराबाईंनी विचारलं.

"सांगते. आपल्या मारुतीत इंडिकेटर उजव्या हाताला आणि वायपर डाव्या हाताला. साहेबाच्या गाडीत नेमकं उलट. त्या गाडीची सवय असलेलं माणूस वळायला गेलं की वायपर लावून बसतं. आज सकाळी गाडी चालवणाऱ्यानं तेच केलं, कोरड्या धुळीत. म्हणजे ती वनजा नव्हे. तिचा हात चुकूच शकत नाही. पण तशी सवय असलेली माणसं इथं दोन आहेत. मग मी त्या तुटक्या हँडलचा विचार केला. ते तुटलं कसं? ते आहे ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, दारावर. आणि उजव्या हातानं जोर लावून काय शोधायला जावं माणसानं?"

बाईंनी आपला उजवा हात हवेतल्या दारावर आपटून दाखवला.

"गिअर! ज्या देशात स्टिअरिंग डावीकडे असतं, तिथं गिअर उजव्या हातात येतो. तिथं गाडी शिकलेला माणूस घाबरला की त्याचा हात जुन्या जागी जातो. मधू इथंच शिकला, माझ्याकडेच. त्याचा हात दाराकडे जाणार नाही." बाई वळल्या. "साहेब, आपण बसता का?"

मधूनं भाषांतर करायची गरजच पडली नाही. लोरेंझो गाडीत बसला, गुडघे थेट स्टिअरिंगला टेकले. "लेफ्ट," बाई म्हणाल्या. वायपर फिरले. "फर्स्ट गिअर." उजवा हात दारावर आपटला आणि हँडलचा तुटका खुंट लागून तो कळवळून ओरडला, "मादोन्ना!"

"ह्येच!" चतुराबाईंनी टाळी वाजवली. "आक्षी ह्येच वरडली व्हती!"

"मशीन अडलं की साहेब हेच म्हणतो, आपल्या 'आई गं!'सारखं," मधू म्हणाला आणि हसता हसता खालीच बसला.

लोरेंझो गाडीतून उतरला. त्याचे कान लाल झाले होते. मधूनं त्याला वनजावर आलेला आळ सांगितला, तेव्हा मात्र त्याचा चेहरा पांढरा पडला. तो सरळ वनजासमोर जाऊन हात जोडून उभा राहिला.

"बहनजी, गलती मेरा. मुझे मालूम नहीं था, आपका नाम आया."

"पण साहेब, तुम्ही माझी गाडी नेलीत कशाला?" बाईंनी विचारलं.

"ते मी सांगतो," पेरूआडून आवाज आला. कारभारी पुढं आला. "किल्ली म्या दिली, बाई."

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. "सकाळी तुझी पंक्चर झालेली सायकल माझ्या फाटकाला धडधाकट उभी होती."

कारभारीनं जीभ चावली. साहेबाचं वर्ष संपलं होतं, तो सांगू लागला. या नाताळात साहेब घरी गेलाच नाही, म्हणून नवा परवानाही नाही. आता त्यालाही परीक्षा देणं भाग होतं. इथं त्याला गिअर कधी हातानं टाकावा लागला नव्हता, तो डाव्या हातानं टाकायला शिकायचं तर शाळा बायकांची. त्यानं कारभारीपुढं हात जोडले. पहाटे रस्ता रिकामा असतो म्हणून दोघं निघाले. वळणावर कारभारी मागचं बघायला खाली उतरला, तेवढ्यात साहेबानं गाडी सोडली ती थेट शेवंतीत.

"म्याच म्हनलं, सायेब तुमी जावा, मी निस्तरतो. आन् मंग भ्यालो. वनजाबाईचं नाव निघालं तवाच बोलायला पायजे व्हतं. जीभच उचलंना."

"उचलायला हवी होती," बाई कडक आवाजात म्हणाल्या. "तिची परीक्षा गेली असती, कारभारी. आयुष्यभर तुला जेवण गोड लागलं नसतं." कारभारीनं मान खाली घातली. वनजानं त्याच्या पाठीवर एक थाप मारली. ती माफीची होती, पण तो दोन पावलं पुढं गेला.

"पण साहेब नाताळात घरी का गेले नाहीत?" बाईंनी विचारलं.

लोरेंझोचे कान पुन्हा लाल झाले.

"आत्या," मधू हळूच म्हणाला, "आमच्या डिझाइनमध्ये अंबिका आहे ना, तुझ्याकडे गाडी शिकलेली? मे महिन्यात लग्न आहे म्हणे दोघांचं. मला आज गाडीत पत्ता लागला."

"मंजी सायेब बी आता हितलाच!" वनजा हसू लागली. तिचं ते मोठं हसू पैठण रोडपर्यंत गेलं. "मंग लावा त्याला बी एल!"

६

चतुराबाई ठाण्यात गेल्या नाहीत. त्यांनी लोरेंझोला शिक्षा मात्र दिली. येत्या रविवारी अंबिकेला घेऊन यायचं, दोघांनी मिळून सगळी शेवंती पुन्हा लावायची आणि जेवून जायचं. साहेबानं ती आनंदानं कबूल केली. प्रमोदिनीबाईंनी त्याला शाळेत घेतलं. बायकांची शाळा हा नियम आपणच केलेला, तेव्हा मोडायलाही आपणच मोकळ्या, असं त्या कारभारीला म्हणाल्या. साहेबाला शिकवायचं काम मात्र त्यांनी वनजाकडे सोपवलं. तिला लायसन मिळालं की तिनं शेजारी बसून त्याच्या उजव्या हातावर पट्टी मारायची.

दुसऱ्या दिवशी वनजानं आठचा आकडा असा काढला की तपासणारे साहेबही बघत राहिले. "कुठं शिकलात?" त्यांनी विचारलं. "नाकुरू आन् उस्मानपुरा," ती म्हणाली.

नंतरच्या आठवड्यात बाईंना लासूरहून बोलावणं आलं. प्लास्टरातला पाय खाटेवर ठेवून रामकिसननं त्यांना नमस्कार केला आणि "तुमी बी जावा बाजाराला, मज्जा बघा," म्हणाला. पिकअपच्या केबिनमध्ये सासूसुनेच्या मध्ये बाई अंग चोरून बसल्या. मागं कांद्याच्या गोण्यांची थप्पी.

वनजानं गाडी काढली. कच्चा रस्ता, खड्डे, मध्येच शेळ्यांचा कळप. तिचा हात कुठंही घाईला आला नाही. बाईंनी आयुष्यात शेकडो बायकांच्या शेजारी बसून पाय ब्रेकवर तयार ठेवला होता. आज पहिल्यांदाच त्या पाय सैल सोडून बसल्या आणि खिडकीतून येणाऱ्या वाऱ्यात त्यांना चक्क गुणगुणावंसं वाटलं.

लासूरच्या मार्केटच्या फाटकात ट्रॅक्टरांची ही गर्दी. हमाल, अडते, शेतकरी, सगळे माना वळवून पिकअपकडे बघू लागले. एकजण ओरडला, "आरं, बाई चालवतीया!"

द्वारकाबाईंनी खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं, दोन बोटं तोंडात घातली आणि सबंध मार्केट दणाणेल अशी शिट्टी मारली.

"सरका की रं! माझी सून येतीया!"

गर्दी फाकली, आणि वनजानं कांद्यानं भरलेली पिकअप मधल्या वाटेनं उलटी घेऊन एका दमात लिलावाच्या ओट्याला लावली.